'संयुक्त की विभक्त?' हा रकाना आधी काढून टाका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एम.ए.च्या प्रबंधासाठी बीड-धाराशिवच्या सीमेवरच्या तीन गावांत तुम्ही डिसेंबर-जानेवारीत घरोघर फिरलात. 'तुमचं कुटुंब संयुक्त की विभक्त' असं विचारलंत आणि बहुतेकांनी 'विभक्त' सांगितलं. संयुक्त कुटुंब संपलं असा निष्कर्ष लिहा, असं मार्गदर्शक म्हणतात. तुमचं मन मात्र मानत नाही, कारण त्याच गावांत भावाभावांचं बरंच काही एकत्र चाललेलं तुम्ही स्वतः पाहिलंय. जे पाहिलंत त्यावर विश्वास ठेवा. मी वीस-बावीस वर्षं या भागात सर्वेक्षणाच्या कामावर फिरतेय, आणि सुरुवातीच्या गावांत मीही हाच प्रश्न असाच विचारला होता.

आधी लोकांनी 'विभक्त' का सांगितलं ते बघा. हातात फॉर्म घेऊन अंगणात आलेला माणूस योजनेचाच असणार, अशी आपल्याकडे पक्की समजूत असते आणि ती अनुभवातून आलेली असते. पीएम किसान या केंद्राच्या शेतकरी मदत योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन नावावर असलेल्या अशा प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये. ज्या घरात खातेफोड, म्हणजे जमिनीची भावांच्या नावांवर वेगवेगळी नोंद, आधीच झाली होती तिथे तिघा भावांच्या खात्यावर पैसे आले, आणि जिथे सगळं म्हाताऱ्याच्याच नावावर राहिलं होतं तिथे एकाच. गावाने यातून घ्यायचा तो धडा घेतला: कागदावर वेगळं असलेलं बरं. तुमच्या प्रश्नाला लोकांनी खोटं उत्तर दिलेलं नाही. कागदाने विचारलं, कागदावरचं उत्तर मिळालं.

शिवाय वाटणी एका दिवसात होत नाही. आधी चूल वेगळी होते, बहुतेकदा धाकट्याच्या लग्नानंतर. मग धान्य वेगळं. मग शेत तोंडी वाटून घेतात, बांध पडतो, पण सातबारा एकच राहतो. बोअर आणि मोटार कितीतरी वर्षं सामाईक असते, पाण्याच्या पाळ्या लागतात. सोसायटीचं कर्ज बापाच्या नावावर. भाचीच्या लग्नातला मामाचा आहेर, कुणाचं दिवसकार्य, दवाखान्याचा मोठा खर्च हे सगळ्यात शेवटी वेगळं होतं, आणि काही घरांत कधीच होत नाही. कळंब तालुक्यातल्या एका गावात तिघा भावांनी मला तीन दारांत उभं राहून 'आम्ही वेगळे' असं सांगितलं. थोरल्याची मुलगी लातूरला क्लासला होती. तिची फी तिघांनी सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून मिळून भरली होती, हे मला फॉर्म मिटून चहा घेताना कळलं.

त्याच गावात आणखी एक घर होतं. म्हातारा थोरल्याकडं जेवायचा, म्हातारी धाकट्याकडं. मुलांनी आईबापही वाटून घेतले होते. चाळीस-पन्नास वर्षं एका घरात काढलेली ती दोघं दिवसातून दोनदा वेगवेगळ्या उंबऱ्यातून आत जायची, आणि माझ्या कागदावर ते नोंदवायला जागाच नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक घरी विचारते, आई आज कुणाकडं जेवली? या एका प्रश्नातून जे कळतं ते 'संयुक्त की विभक्त'च्या रकान्यातून कधी कळलं नाही.

अभ्यासकांनी हा घोळ फार पूर्वी ओळखलाय. जनगणना 'कुटुंब' मोजतच नाही, ती घर मोजते: एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. आय. पी. देसाईंनी गुजरातमधल्या महुवा या छोट्या शहराचा अभ्यास १९६४ साली छापला. कुटुंब संयुक्त आहे की नाही यापेक्षा ते किती संयुक्त आहे, हा त्यांचा प्रश्न होता. राहणं, मालमत्ता आणि एकमेकांप्रती असलेली कर्तव्यं त्यांनी वेगवेगळी तपासली. ए. एम. शहांनी १९७३ मध्ये, तेही गुजरातच्याच आधारावर, घर आणि कुटुंब या दोन शब्दांत गल्लत करू नका असं बजावून सांगितलं. तुमच्या प्रबंधात या दोघांना जागा हवीच. तिसरी गोष्ट घराच्या वयाची. मायर फोर्टेस आणि त्यांच्यासोबतच्या मानवशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये मांडलं की घराचीही अवस्थांतरं असतात. बाप गेला की भाऊ वेगळे होतात, पुढे त्यांची मुलं मोठी होतात, सुना येतात आणि तेच 'विभक्त' घर पुन्हा भरतं. तुम्ही एका हंगामात एकदाच गेलात तर त्या चक्रातला एक क्षण तुमच्या हाती येतो. तेवढ्यावरून 'संपलं' म्हणता येत नाही.

आणि तो हंगाम तरी कोणता? दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, कारखान्याचा हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. तुमच्या याद्यांत 'आजी आणि तीन नातवंडं' अशी घरं नक्की आली असतील. मे महिन्यात त्याच घरात दोन मुलगे, दोन सुना आणि आणखी दोन लेकरं असतात. तिकडे उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणारं जोडपं त्या काळात लेकरासह स्वतंत्र घर असतं. एकाच कुटुंबाची दोन रूपं, आणि तुम्ही फक्त हिवाळ्यातलं रूप मोजलं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता, आणि मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. त्यामुळे इथे लग्न हा मजुरीच्या कराराचाही भाग होऊन बसलाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) अठराच्या आत लग्न झालेल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं, बीडमध्ये जवळपास ४४ आणि परभणीत ४८. सगळं ऊसतोडीवर ढकलता येणार नाही, परभणीत इतर कारणंही आहेत. पण बीडच्या सीमेवर काम करताना कोयत्याबद्दल एकही प्रश्न नसणं ही मोठी उणीव आहे.

नात्यांच्या शब्दांकडे लक्ष द्या, हे माझं आवडतं सांगणं. आपल्याकडे कित्येक सुना सासूला 'आत्याबाई' म्हणतात. मामाची मुलगी करण्याची रीत होती, म्हणजे सुनेला सासू खरोखरच आत्या लागायची. लग्न नात्याबाहेर झालं तरी शब्द टिकला. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात असेच नात्यांचे शब्द गोळा करून देशाचे पट्टे पाडले आणि महाराष्ट्राला मधल्या पट्ट्यात ठेवलं, जिथे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती मिसळतात. पुढे १९८३ मध्ये टिम डायसन आणि मिक मूर यांनी असा युक्तिवाद केला की लेक जवळच्या, नात्यातल्या घरी दिली आणि माहेरचं येणंजाणं राहिलं की तिला घरात जास्त स्वातंत्र्य मिळतं. मला हे अर्धंच पटतं. सासू सख्खी आत्या असली की सुनेची तक्रार माहेरी ऐकून घेतली जात नाही, 'तुझी आत्याच आहे' म्हणून परत पाठवतात, हे मी बायकांच्या तोंडून फार वेळा ऐकलंय. म्हणून माहेर किती लांब आहे हे विचारा, आणि शेवटचा मुक्काम कधी झाला होता, तेही विचारा.

कुणाशी आणि कुठे बोलता, याचाही विचार करा. ओसरीवर सासऱ्यासमोर सून 'सगळं चांगलं आहे' एवढंच सांगेल. खुरपणीला किंवा कापूस वेचायला तिच्या शेजारच्या ओळीत जा, हात चालू ठेवा, ती आपण होऊन बोलते. 'घरकाम कोण करतं' हा प्रश्न तर विचारूच नका. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आदल्या दिवशी पहाटे ४ पासूनचे २४ तास अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारले होते. तेव्हा दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. तुम्हीही 'काल पहाटे उठल्यावर पहिलं काय केलं' इथून सुरुवात करा.

बहिणींना वगळू नका. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तोवर लग्न न झालेल्या मुलींना आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. तरी बहिणी भावांसाठी आपला वाटा सोडतात ती हक्कसोडपत्रं होतच असतात. सही केलेल्या बहिणीला विचारलं तर ती म्हणते, 'माहेर तुटू नये म्हणून.' कुटुंब अजून टिकून आहे का, याचं उत्तर तिच्या त्या सहीतही आहे, आणि ती बहीण तुमच्या तिन्ही गावांत राहतच नाही.

आता हातातल्या फॉर्मचं काय करायचं? फेकू नका. ज्यांनी 'विभक्त' सांगितलं त्यांच्यातली पंधरा-वीस घरं निवडा आणि मे महिन्यात पुन्हा जा, टोळ्या परतल्या असतील. चूल, सातबारा, पाणी, कर्ज, आईचं जेवण आणि आहेर यांचं प्रत्येकाचं वेगळं उत्तर लिहून घ्या. तेव्हा लग्नसराई असते, म्हणून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या पत्रिकाही मागून वाचा. निमंत्रक म्हणून कोणकोणत्या चुलत्यांची नावं छापलीत आणि कोणाचं गाळलंय, ते वहीत उतरवून घ्या. नवा तक्ता तयार झाला की इथे टाका, मी बघते.