आठ पाय आहेत म्हणून दुप्पट पळणार नाही

वाचकांचे प्रश्न, निवृत्त पशुवैद्याची उत्तरं

प्रश्न : आम्ही चार मित्र दर रविवारी जोडभावी पेठेत एकाच्या माडीवर डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा कल्पित मोहिमांचा खेळ खेळतो. जुन्या चादरीवर खडूने चौकटी आखल्यात, एक चौकट म्हणजे ५ फूट. पुढच्या मोहिमेत नॉर्स पुराणांतल्या ओडिन देवाचा आठ पायांचा घोडा स्लेपनिर आणायचाय. नियमांतल्या लढाऊ घोड्याचा वेग ६० फूट आणि हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचे गुण) १९. पाय दुप्पट म्हणून आम्ही सगळंच दुप्पट केलं. पण खेळताना तो नुसता जोरात पळणारा घोडा वाटतो, दरारा काही वाटत नाही. काय करावं? चित्र काढणारा मित्र विचारतोय, जादाचे पाय जोडायचे कुठे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी चित्रकाराचं. घोड्याचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो. त्याला कॉलर बोन नाही; फरा नुसत्या स्नायूंनी बरगड्यांवर बांधलेला असतो आणि अंगाचं जवळजवळ ६० टक्के वजन या पुढच्या दोन पायांवरच येतं. त्यामुळे पहिल्या फऱ्यामागे दुसरा फरा काढला, तर चित्र पटण्यासारखं होईल. मागे मात्र खुब्याचा सांधा पक्क्या हाडात बसलेला असतो, तिथे पुठ्ठा वीतभर लांबवावाच लागेल. पोटाखाली पाय मुळीच काढू नका, तिथे पाय आला की घोड्याचा कोळी झालाच म्हणून समजा. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर च्यांगविदे इथे १८४४ मध्ये एक कोरीव शिळा सापडली, ती आता स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या आठपायी घोड्याचे फोटो शोधून मित्राला दाखवा. पाठीवरचा स्वार ओडिन, की लढाईत पडलेला कुणी योद्धा, यावर अभ्यासक अजून भांडतात.

आता वेग. तो ६० फूटच ठेवा. घोडा एका ढांगेत किती अंतर तोडतो आणि ढांगा किती भराभर टाकतो, यावर वेग ठरतो. पायांच्या संख्येवर नाही. पळताना मागचा खूर पुढच्या टाचेला लागून झालेल्या जखमा मी नोकरीत पुष्कळ बांधल्या. चार पायांत ही गत, आठांत विचारू नका. जादाच्या पायांचा खरा फायदा तोलाचा. आइसलँडच्या घोड्यांची 'टोल्ट' नावाची एक चाल आहे. तिच्यात एक तरी पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे स्वार खोगिरावर उसळत नाही. ही चाल स्लेपनिरला द्या. म्हणजे त्याला कुणी आडवा पाडू शकत नाही, आणि जमिनीवर उभं राहून जसा नेम लागतो तसाच त्याच्या पाठीवरूनही लागतो. धनुर्धारी खेळाडू खूश होईल.

वळण मात्र अवघड करा. आषाढीत खुडूसला माउलींचं गोल रिंगण होतं, ते पाहायला जा. बिनस्वाराचा माउलींचा अश्व वळणावर आत कसा कलतो, बाहेरच्या बाजूच्या पायांना किती जास्त जागा लागते, ते कडेला उभं राहिलात की दिसतं. (नंतर टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते, तेव्हा चप्पल सांभाळा.) आठ पायांचं धूड तर काटकोनात वळणारच नाही. चादरीवर निदान तीन चौकटी सरळ गेल्याशिवाय त्याला वळू देऊ नका.

दराऱ्याचं म्हणाल तर तो पायांत नाहीच. स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास आइसलँडमध्ये नॉर्स देवांच्या कथांची 'एडा' लिहिली. तिच्यात ओडिनचा मुलगा बाल्डर मेल्यावर हर्मोड त्याला परत मागायला मृतांच्या मुलखात, हेलकडे निघतो. ओडिन त्याला स्वतःचा घोडा देतो. नऊ रात्री काळ्याकुट्ट खोल दऱ्यांतून गेल्यावर ग्योल नदीवरचा पूल लागतो. पुलावरची राखणदार मोडगुड म्हणते, काल मेलेल्यांच्या पाच टोळ्या इथून गेल्या, पण तू एकटा जातोयस तरी पूल तेवढाच दणाणतोय. आणि तुझ्या तोंडावर मेलेल्याचा रंगही नाही. पुढे हेलचं फाटक बंद. हर्मोड खाली उतरतो, तंग म्हणजे खोगिराचा पोटपट्टा आवळतो, पुन्हा मांड ठोकून टाच मारतो आणि घोडा फाटकाला खूरसुद्धा न लागता पलीकडे जातो.

तंग आवळण्याची ही बाब मला फार आवडते. नऊ रात्रींच्या चालीने घोड्याचं पोट खपाटीला गेलेलं असणार आणि तंग सैल झालेला. ज्याने हे सांगितलं त्याचा घोड्यांशी रोजचा संबंध होता.

तुम्हाला हवं ते सगळं इथे आहे. स्लेपनिर जिवंत माणसाला मेलेल्यांच्या मुलखात नेतो आणि परत आणतो. हीच त्याची एकमेव ताकद ठेवा, पंख, आग वगैरे काही नको. जायला नऊ रात्री लागतील आणि मागे गावात जे घडायचं ते तोवर घडेल. बंद दार ओलांडायचं तर आधीचा एक टर्न तंग आवळण्यात जाईल, मग शत्रू कितीही जवळ येऊ दे. आणि लपूनछपून काही जमणार नाही, पाच टोळ्यांएवढा आवाज होणारच. हिट पॉइंट किती हा प्रश्न मग कुणी विचारणार नाही.

एक अट. तो अकलूजच्या घोडेबाजारात मिळत नाही. सोन्याच्या मोहरा मोजून कुणी तो विकत घेतला, तर त्याचं तट्टू झालं. मालकाने एका कामापुरता उसना दिला, तरच.

प्रश्न : आमच्या गटातल्या एका मुलीला असा घोडा कायमचा हवाय. काय देऊ? – एक वाचक, बार्शी

उत्तर : त्याच्या वंशातला द्या. वोल्सुंग घराण्याच्या जुन्या नॉर्स गाथेत नायक सिगुर्डचा घोडा ग्रानी स्लेपनिरच्या रक्ताचा आहे. त्याची निवड अशी : एक दाढीवाला म्हातारा सिगुर्डला सांगतो, सगळी घोडी नदीत हाक. बाकीची काठाकडे वळतात, एकच करडा, कुणी न बसलेला घोडा वळत नाही. पुढे सिगुर्डचा मेहुणा गुन्नार त्याच ग्रानीवर बसून आगीच्या रिंगणाकडे निघतो, तर तो पाऊल उचलत नाही. आगीतून जातो तो फक्त सिगुर्डला घेऊन. तेव्हा दुसऱ्या कुणी मांड टाकली, तर घोडा जागचा हलणार नाही, एवढा एकच नियम पुरे. नदीचा प्रसंग मात्र खेळून घ्या, आणि तो म्हातारा ओडिन होता हे तिला लगेच सांगू नका.