मॉडेलआधी घड्याळ घेऊन खाली उतर

खाणीच्या उत्पादनाचं नियोजन करताना लिनियर प्रोग्रॅमिंगचं (दिलेल्या मर्यादांत सर्वांत चांगलं उत्तर शोधणारं गणिती) मॉडेल मांडायची घाई करू नकोस. आधी नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरसारख्या भूमिगत कोळसा खाणीत आठ-दहा पाळ्या खाली काढ. ड्रिलिंग, ब्लास्टिंग, धूर निघेपर्यंतचं थांबणं, छताला आधाराचे बोल्ट, मग एसडीएलने (कोळसा उचलून बाजूला ओतणाऱ्या लोडरने) भरणी, प्रत्येकाची वेळ लिही. पाळी 8 तासांची असली तरी फेसपर्यंत, म्हणजे कोळसा तोडतात तिथपर्यंत, जाण्यायेण्याचा वेळ त्यातून वजा कर. नवखे इथेच फसतात. कोळसा वाहून नेणारा बेल्ट आधीच पूर्ण भरून चालत असेल, तर आणखी एक एसडीएल आणून टन वाढत नाहीत, मशीन नुसती उभी राहते. ती मर्यादा पहिली लिही. आणि छताचा आधार कधीही खर्चात धरू नकोस. ती अट आहे, तिथे तडजोड नाहीच! मॉडेलचं उत्तर आलं की ओव्हरमनला (पाळीच्या कामावर देखरेख करणाऱ्याला) दाखव, आणि तो 'हे जमणार नाही' म्हणाला तर का, ते नीट ऐकून घे.