वाचकांचे प्रश्न: बाकदार पात्याचा घडीचा चाकू

मागील अंकात छाटणीच्या अवजारांविषयी लिहिताना, गेली 22 वर्षे माझ्या खिशात बाकदार पात्याचा घडीचा चाकू असतो, असे एक वाक्य मी सहज लिहून गेलो होतो. मूळ लेखापेक्षा त्या एका वाक्यावरच जास्त पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. छाटणीची कात्री कमरेला असतेच. मग वाकड्या पात्याचा चाकू वेगळा कशासाठी बाळगायचा? आणि चाकूच हवा असेल, तर सरळ पात्याचा का चालत नाही? (द्राक्षबागायतदार, तालुका निफाड)

उत्तर: कात्री आणि हा चाकू एकमेकांची जागा घेत नाहीत. एप्रिलची खरड छाटणी असो वा ऑक्टोबरची फळछाटणी, एका दिवसात हजारो काड्या तोडायच्या असतात तिथे कात्रीलाच पर्याय नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ही कात्री निघण्यापूर्वी मात्र युरोपातील द्राक्षमळ्यांची सगळी छाटणी अशा बाकदार पात्यानेच होत असे, आणि पहिल्या शतकातील रोमन शेतीविषयक लेखनात त्या पात्याच्या प्रत्येक भागाला, तो जे काम करतो त्यावरून, स्वतंत्र नाव दिलेले आढळते.

आज या चाकूचे काम छाटणीच्या आधीचे आणि नंतरचे आहे. ओलांड्याची, म्हणजे तारेवर बांधलेल्या वेलीच्या आडव्या फांदीची, जुनी सुतळी कापणे, खुंटाच्या बुडाशी आलेले फुटवे तळापासून काढणे, ठिबकची नळी तोडणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे ही कामे दिवसातून वीस वेळा निघतात. सरळ पात्याने सुतळी ओढून कापू लागलो की ती पात्यावरून टोकाकडे सरकते आणि निसटते. बाकदार पात्यात ती बाकाच्या आत अडकते, जितके ओढावे तितकी आणखी घट्ट बसते आणि दुसऱ्या हाताने ताण दिला नाही तरी तुटते. आपल्या विळ्याचेही हेच तत्त्व आहे. फरक एवढाच की विळा बांधावर विसरतो आणि चाकू खिशात राहतो.

माझ्या मते या पात्याचे सर्वांत मोलाचे काम वेगळेच आहे. जुना ओलांडा किंवा आंब्याची फांदी करवतीने कापली की जखमेची कड फाटकी, तंतू निघालेली राहते. बाकदार पात्याने ती कड चारी बाजूंनी सोलून गुळगुळीत केली आणि मग बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावली, तर पाणी साचायला जागा उरत नाही आणि साल भरून येणे सोपे जाते. कात्रीने हे काम होत नाही, आणि सरळ पाते गोल खोडावर नीट फिरत नाही.

तीन ठिकाणी मात्र हा चाकू काढू नये. पाटावर ठेवून फळ किंवा भाजी कापायला तो निरुपयोगी आहे, कारण पाटाला फक्त त्याचे टोक लागते. काहीही उचकटण्यासाठी तो वापरू नये, कारण त्याचे टोक बारीक असते आणि पहिल्याच झटक्यात मोडते. आणि कलमासाठी तर तो कधीच वापरू नये. पाचर कलम असो वा कोय कलम, काडीवरचा काप सपाटच यावा लागतो. बाकदार पात्याने तो खोलगट येतो, खुंट आणि कलमकाडी यांचे सालीखालचे जिवंत थर एकमेकांना टेकत नाहीत आणि कलम वाळते. कलमाचा चाकू सरळ पात्याचा, निराळाच ठेवावा.

प्रश्न: गच्चीवरच्या बागेसाठी मी असा चाकू घेतला. पहिल्याच आठवड्यात फांदी कापताना पाते माझ्या बोटांवर मिटले. जखम लहान होती, पण आता हातात घ्यायला भीती वाटते. मी डावखुरी आहे, त्यामुळे काही फरक पडतो का? (वाचक, पुणे)

उत्तर: आपली भीती रास्त आहे. तिचे कारण कळले की ती बरीच कमी होईल. बाकदार पात्याने ओढून कापताना जोर धारेवर येतो आणि तो जोर पाते उघडेच ठेवतो. म्हणून कापत असताना चाकू सहसा मिटत नाही. टोक ओल्या लाकडात रुतते आणि आपण ते मागे ढकलून सोडवू पाहतो, त्या क्षणी जोर पात्याच्या पाठीवर जातो. पाते फक्त स्प्रिंगच्या दाबाने उभे असेल तर ते तेव्हाच मिटते. आपल्या बाबतीतही बहुधा हेच झाले असावे. टोक रुतल्यास ढकलू नये. फांदी दुसऱ्या हाताने किंचित वाकवून काप उघडावा आणि पाते ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने बाहेर काढावे.

आपल्या चाकूला खटका, म्हणजे लॉक, नसेल तर तो बदलून घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. काही चाकूंत मुठीच्या आतली पत्ती पात्याच्या बुडाला अडते. ती पत्ती उजव्या हाताच्या अंगठ्याने सरकवण्याच्या बेताने बसवलेली असल्यामुळे डाव्या हाताला अवघड जाते. मुठीच्या गळ्याशी फिरणारी धातूची कडी असेल, तर ती दोन्ही हातांना सारखीच सोयीची. पात्याची धार एकाच बाजूने काढलेली आहे का, हेही पाहावे. तशी ती बहुधा उजव्या हातासाठी काढलेली असते आणि डाव्या हातात काप भलतीकडे वळतो. दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेले पाते आपल्यासाठी योग्य. कुंड्यांच्या कामाला सहा-सात सेंटिमीटर पाते पुष्कळ होते.

आता हाताविषयी. हा चाकू अंगाकडे ओढण्याचा आहे, हाच त्याचा गुण आणि हाच धोका. माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी दोन सेंटिमीटर लांब पांढरा व्रण आहे. फांदी धरलेला हात पात्याच्या वाटेत होता आणि लाकूड अपेक्षेपेक्षा लवकर तुटले. त्या दिवसापासून मी फांदी नेहमी कापाच्या वरच्या बाजूला धरतो, पाते खालून वर न ओढता बाहेरच्या अंगाला ओढतो आणि खांद्यातून झटका न देता फक्त मनगट वळवतो. मनगटाने जेवढे कापता येते तेवढ्याच जाडीला हा चाकू लावावा. त्यापुढे करवत घ्यावी.

प्रश्न: सपाट दगडावर या पात्याला धार लागतच नाही. बाजारात धारवाल्याकडे दिला, तर त्याने मशिनवर पाते निळे करून आणले. आता धार दोन दिवसही टिकत नाही. काय करावे? (वाचक, जुन्नर)

उत्तर: पाते निळे पडले म्हणजे ते फार तापले. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात, ते त्या जागी उतरले आहे. तेवढा भाग मऊ झाला असून नुसती धार लावून तो कडक होणार नाही. निळी झाक टोकापुरती असेल तर तेवढे पोलाद हाताने, पाणी लावत झिजवून काढता येते. पूर्ण बाकभर असेल तर पाते पुन्हा पाणी देणाऱ्या जाणत्या लोहाराकडे न्यावे किंवा नवे घ्यावे. विजेच्या सहाणेवर हा चाकू पुन्हा देऊ नये.

आतल्या बाजूने वळलेल्या धारेला दगडही गोल लागतो. महागडे साधन नको. माझ्याकडे घरातले टाकून दिलेले एक बारीक लाटणे आहे. त्याला रंगारी वापरतात तो वॉटर पेपर गुंडाळतो, आधी 400 नंबरचा, मग 800 आणि शेवटी 1200. लाटण्याची गोलाई पात्याच्या बाकापेक्षा कमी असली पाहिजे, नाहीतर ते बाकात शिरत नाही. कागद ओला करून पात्याच्या बुडापासून टोकापर्यंत एका सलग हाताने, सुमारे 15 ते 20 अंशांच्या तिरकेपणाने फिरवावा. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूला बोटाचे पोट धारेपासून दूर नेत हलकेच फिरवले तर बारीक खरखर लागते. धातूची कड उलटल्याची ती खूण. ती आली की बाजू बदलावी. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दोन्ही बाजू उलट्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, दहा-दहा वेळा ओढाव्यात. टोक आधी बोथट होते, म्हणून सगळे जण टोकावरच घासत बसतात. त्याने वर्षा-दोन वर्षांत चोच झिजते आणि पाते सरळ होत जाते. बाकभर सारखेच घासावे.

आपण बिजागराला खोबरेल तेल लावता असेही लिहिले आहे. फळ कापले जाणाऱ्या चाकूला ते चांगलेच. पण साधारण 24 अंशांखाली ते थिजते, आणि आपल्याकडच्या थंडीच्या सकाळी चाकू उघडता उघडत नाही, त्याचे कारण बहुधा तेच आहे. हिवाळ्यात शिलाई मशिनचे तेल, एकच थेंब. आणि पाते पुसल्याशिवाय मिटू नये. चीक, ओल आणि विशेषतः पोटॅश खताची कणी मुठीच्या खाचेत राहिली की गंज आतून धरतो आणि आपल्याला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रश्न: डाळिंबात तेल्या आहे. चाकू एका झाडावरून दुसऱ्या झाडाला लावला तर चालेल का? (वाचक, सांगोला)

उत्तर: नाही. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे आणि तो अवजारांवरूनही पसरतो. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात पाते प्रत्येक झाडानंतर बुडवावे. हे द्रावण पोलाद खाते, म्हणून काम संपल्यावर साध्या पाण्याने धुऊन, पुसून तेल लावावे. घडीच्या चाकूची खाच नीट निर्जंतुक होत नाही. त्यामुळे रोगट बागेत मी तो नेतच नाही, न मिटणारे पाते किंवा कात्री वापरतो.

प्रश्न: मी वायरमन आहे. केबलचे आवरण सोलायला वाकडा चाकू लागतो. रोज लोकलने जातो. पोलिसांनी अडवले तर काय? (वाचक, ठाणे)

उत्तर: 1959 च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्येनुसार, हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली किंवा तशी रूपांतरित केलेली वस्तू म्हणजे शस्त्र. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. 2016 च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि तेथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वेगळी काढली आहेत. आपला चाकू या मापांच्या कितीतरी आत आहे.

पण एवढ्यावर निश्चिंत राहू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी सण, मिरवणुका, निवडणुका अशा वेळी मनाई आदेश काढतात. त्यात चाकू, काठ्या आणि इजा करता येईल अशा वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी असते. आदेश मोडल्यास कलम 135 खाली शिक्षा आहे. आदेश असेल त्या दिवसांत चाकू खिशात ठेवू नये. एरवीही तो पक्कड, टेस्टर यांच्यासोबत अवजारांच्या पिशवीत, तळाशी ठेवावा आणि कामाची पावती किंवा ओळखपत्र जवळ असू द्यावे. पिशवीतल्या चाकूचे काम पिशवीच सांगते. खिशातल्या चाकूचे काम मात्र आपल्याला समजावून सांगावे लागते, आणि समोरच्याने ते मानावेही लागते.

प्रश्न: आम्ही दोघे मुलाकडे लंडनला जाणार आहोत. त्याच्या घरामागे छोटी बाग आहे. माझा चाकू नेता येईल का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: विमानात हातातल्या सामानात नेता येणार नाही. गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवून ती सोपवावी. मुलाच्या बागेत वापरायला हरकत नाही. रस्त्यावर मात्र तिथला कायदा कडक आहे. घडीचा, 3 इंचांपर्यंत धारेचा आणि लॉक नसलेला चाकूच कारणाशिवाय जवळ बाळगता येतो. लॉक असलेल्या चाकूला योग्य कारण दाखवावे लागते. मी वर सुरक्षिततेसाठी ज्या लॉकचा आग्रह धरला तेच तिथे अडचणीचे ठरते, म्हणून आपला चाकू घराबाहेर नेऊ नये.

प्रश्न: माझा 17 वर्षांचा मुलगा इंटरनेटवरून 'करंबित' नावाचा वाकडा चाकू मागवायचा म्हणतो. शेतीचे अवजार आहे असे तो सांगतो. घेऊ द्यावा का? (वडील, कोल्हापूर)

उत्तर: मुलगा अगदीच चुकीचे सांगत नाही. करंबित मुळात इंडोनेशियातील, सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचा, आणि त्याचा उगम शेतीच्या अवजारातच सांगितला जातो. परंतु आज त्या नावाने विकला जाणारा, बोट अडकवायला कडी असलेला चाकू मारामारीच्या हिशेबाने घडवलेला असतो, आणि कायद्याची व्याख्या वस्तू कशासाठी बनवली आहे हेच विचारते. तो घेऊ देऊ नये.

मात्र नकार देऊन थांबू नका. तो कशाला हवा आहे, हे शांतपणे, एकट्याला बसवून विचारा. कॉलेजात कुणाचा त्रास असेल आणि भीतीपोटी तो चाकू मागत असेल, तर ती गोष्ट चाकूपेक्षा कितीतरी मोठी आहे. भीतीने चाकू बाळगणारा मुलगा साध्या बाचाबाचीतही खिशात हात घालतो. तसे असेल तर आजच कॉलेजात जाऊन बोला. आणि त्याला खरोखरच त्या पात्याच्या आकाराची ओढ असेल, तर बाजारातून एक साधा, कडी नसलेला छाटणीचा चाकू आणा, घरातले जुने लाटणे आणि 400 नंबरचा वॉटर पेपर त्याच्या हाती द्या आणि एका रविवारी दोघे मिळून धार लावायला बसा.