रोलच्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यात फिल्मसाठी बहुतेकदा मोटर एकच असते, मग ती फिल्म पुढेही ओढते आणि शेवटी मागेही कशी गुंडाळते?

मोटरची दिशा उलटते, आणि गिअर आपोआप बदलतो. वेगळा क्लच किंवा खटका लागतोच असं नाही.

मोटरकडून फिरणाऱ्या मधल्या गिअरला लागून एक छोटा गिअर असतो, आणि तो एका झुलत्या पट्टीवर बसवलेला असतो. पट्टीला मुद्दाम थोडं घर्षण ठेवतात, बहुतेक वेळा स्प्रिंग वॉशरने. त्यामुळे मोटर ज्या दिशेने फिरेल त्या बाजूला पट्टी ओढली जाते. सुलट फिरली की छोटा गिअर टेक-अप स्पूलच्या (फोटो काढून झालेली फिल्म जिच्यावर गुंडाळली जाते त्या रिळाच्या) गिअरमध्ये जाऊन अडकतो, उलट फिरली की रोलच्या डबीत घुसून तिचं रीळ फिरवणाऱ्या काट्याकडे जाणाऱ्या गिअरमध्ये. एकदा दात बसले की भारामुळे पकड आणखी घट्ट होते. मला हे डिझाइन फार आवडतं, एका वॉशरवर सगळं चालतं!

बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत मोटर टेक-अप स्पूलच्या पोटातच बसवलेली असते, तेवढीच जागेची बचत.

थांबायचं कुठे? ३५ मिमी फिल्मवर एका फ्रेमला (म्हणजे एका फोटोला) प्रत्येक कडेला ८ भोकं. या भोकांत दात अडकवून फिरणारं दातेरी चाक तेवढं फिरलं की मोटर बंद. रोल संपला की चाक अडतं, सर्किटला ते कळतं आणि मोटर उलटी सुरू होते.

मोटरचा आवाज येतोय पण फिल्म हलत नाही? आधी सेल बदला. तरीही तेच असेल तर वाळलेल्या ग्रीसमुळे पट्टी अडकलेली असू शकते. आत रोल असेल तर मागचं झाकण पूर्ण अंधारातच उघडा.