खाडीचा काळा चिखल

प्रश्न : ओहोटीला आमच्या गावच्या खाडीत तिसऱ्या काढायला उतरले की वरचा तपकिरी थर फुटून पाय काळ्या चिखलात रुततो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. खाडी दूषित झाली, असे समजावे का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : केवळ रंगावरून आणि वासावरून तसे समजू नये. खाडीचा गाळ इतका बारीक असतो की त्यातून पाणी फारसे खेळत नाही. त्यामुळे प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो आणि तेथील जीवाणू तो लगेच संपवतात. (तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर येतात, ती याच कारणाने.) त्याखालचे जीवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात, जे लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम असते. कुजकी पाने आणि मेलेले शेवाळ यांवर जगताना ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. आपल्याला येतो तो याच वायूचा वास. आपल्या नद्या जांभ्याच्या मुलखातून लोहयुक्त माती आणतात, आणि त्या लोहाशी या वायूचा संयोग होऊन काळे आयर्न सल्फाइड बनते. म्हणजे तो काळेपणा विषारी वायू गाळातच बांधला गेल्याची खूण आहे. त्या चिखलाचा गोळा उघड्यावर ठेवल्यास हवा लागलेली बाजू हळूहळू तपकिरी होते.

वरचा तपकिरी थर मला अधिक मोलाचा वाटतो. तो बहुतांशी डायटम या सूक्ष्म शैवालांचा असतो. दिवसा ओहोटी लागली की ती उजेडासाठी वर सरकतात, भरतीपूर्वी पुन्हा गाळात शिरतात, आणि त्यांच्या चिकट स्रावाने चिखल धरून राहतो. गोगलगायी आणि काही जातींच्या निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) याच थरावर चरतात.

या दोन थरांना जोडणारे जीवाणूही आहेत. डेन्मार्कमधील आरहूस येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की हजारो पेशींची, सेंटिमीटरभर लांबीची जीवाणूंची तंतुमय साखळी खालच्या सल्फाइडकडून वरच्या प्राणवायूपर्यंत विजेच्या तारेसारखे इलेक्ट्रॉन वाहून नेते.

काळजी करावी ती वेगळ्या लक्षणांची. सांडपाण्याने सेंद्रिय कचरा वाढला की प्राणवायूचा थर आणखी पातळ होतो. काळा रंग थेट पृष्ठभागावर आला, खेकड्यांची बिळे ओस पडली आणि तिसऱ्या उघड्या शिंपल्यांनिशी वर येऊन मरू लागल्या, तर त्या खाऊ नयेत आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे.