डिझेलचा मोह सोड

जुनी डिझेल गाडी घेऊ का, असं विचारलंस. तुझं फिरणं म्हणजे महिन्यातून दोनदा पणजी, बाकी फोंड्यातच शाळा-बाजार. एवढ्यासाठी डिझेल कशाला? एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात फिरवली की त्यात काजळी साचते, मग गॅरेजच्या खेपा. पेट्रोलच घे.

खरी भीती गंजाची. माझी पहिली गाडी समुद्राकाठची, वरून चकाचक. पावसात मागच्या सीटखाली पाणी. कार्पेट उचललं तर पत्रा बोटाने खचला! म्हणून लिफ्टवर चढवून खालून बघ, स्टेपनी काढून तिथली खाच चाचप. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत दिसलं, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घे आणि चहाही न घेता निघ. इंजिन मात्र थंड असतानाच सुरू करायला लाव.