फार्मवर राबायला जाताय, गाईशी गट्टी जमेल का? वाचकांचे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की मला येणारे प्रश्न बदलतात. एरवी पेंड किती घालू, कालवड माजावर येत नाहीये असे गोठेवाल्यांचे प्रश्न असतात, आणि मग शहरातल्या मंडळींचे यायला लागतात की आम्ही महिनाभर एखाद्या फार्मवर राहून काम करणार आहोत, जनावरांशी कसं वागायचं ते सांगा. मला हे प्रश्न मनापासून आवडतात. पशुवैद्यक म्हणून गोठ्यात रोज जे बघते त्यावरून उत्तरं देतेय, प्रश्न मात्र थोडे छोटे करून घेतलेत.

प्रश्न: मी पुण्यात आयटीमध्ये आहे. साताऱ्याकडच्या एका डेअरी फार्मवर चार आठवडे जातेय, राहणं-जेवण त्यांचं आणि काम माझं. मला गाईंसोबत वेळ घालवायचाय, पण मालक म्हणतात पहिला आठवडा फक्त शेण आणि वैरण. धार कधी काढायला मिळेल?

मालकांचं बरोबर आहे, आणि असं आधीच स्पष्ट सांगणारा फार्म तुम्हाला मिळाला हे फार चांगलं झालं. बघा, धार काढणं हे नुसतं हाताचं काम नाही. वासराने ढुसण्या दिल्या, कास धुतली, रोजच्या बादलीचा आवाज आला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे हार्मोन सुटतं, मिनिटभरात पान्हा येतो आणि त्याचा जोर जेमतेम 5-7 मिनिटं टिकतो. तेवढ्यात अनोळखी माणूस जवळ आला, परफ्यूमचा वास आला, मोबाईल वाजला आणि गाय बिचकली की सगळं अडतं, ती पान्हा चोरते, दूध कासेतच राहतं, आणि हे रोज व्हायला लागलं तर दगडी, म्हणजे कासेची सूज, व्हायचा धोका वाढतो. म्हणजे तुमची हौस होते पण त्या घराचं त्या दिवशीचं दूध कमी भरतं, शिवाय नंतर औषधपाण्याचा खर्च.

म्हणून पहिला आठवडा शेण काढा, अगदी मन लावून काढा. एक मोठी गाय दिवसाला 15-20 किलो शेण सहज टाकते, त्यामुळे काम काही कमी पडणार नाही. कुट्टी करताना मशीनजवळ ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस अजिबात नकोत. पाण्याकडे लक्ष ठेवा, दुधाळ गाईला दर लिटर दुधामागे साधारण 4-5 लिटर पाणी लागतं, हौद रिकामा राहिला तर संध्याकाळच्या दुधात लगेच कळतं. आणि रोज ठरलेल्या वेळी खरारा करा. शेण काढणारी, पाणी देणारी, खरारा करणारी हीच बाई आहे हे गाईला कळलं की ती तुमच्याकडे मान वळवायला लागते, मग एखाद्या जुन्या, शांत, तीन-चार वेतं झालेल्या गाईवर शिकायला मागा. शिकताना पूर्ण मुठीने शिका, अंगठा मुडपून नाही, त्याने सडाला इजा होते.

जायच्या आधी तास मात्र विचारून घ्या. राहण्या-जेवणाच्या बदल्यात शेतकाम ही पद्धत जगभर पसरली ती वूफ (WWOOF) या चळवळीमुळे, 1971 साली इंग्लंडमध्ये सुरू झाली ती शहरातल्या लोकांनी वीकेंडला सेंद्रिय शेतावर जाऊन मदत करावी म्हणून. तिथे साधारण अर्धा दिवस काम असा रिवाज आहे. आपल्याकडे गोठ्याचं काम पहाटे आणि संध्याकाळी असं तुटक असतं, म्हणून एकूण किती तास, आठवड्याची सुट्टी कधी, झोपायची आणि बाथरूमची सोय काय, हे फोनवरच बोलून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न: फार्मवर येऊन दहा दिवस झाले. एक गाय मी दिसले की मागे सरकते आणि दुसरीने लाथ मारली. मी तर त्या घाबरू नयेत म्हणून मागून हळूच, आवाज न करता जाते.

ताई, अडचण तिथेच आहे. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, मान न हलवता तिला जवळजवळ 330 अंशांचं दिसतं, आणि जे थोडं दिसत नाही ते नेमकं तिच्या शेपटीमागचं. त्या जागेतून आवाज न करता कोणी आलं तर तिच्यासाठी तो वाघच. लाथ मारली ती रागाने नाही मारली.

समोरून थोडं तिरकं, खांद्याच्या बाजूने जा. लांबूनच बोलायला लागा, काय बोलता ते महत्त्वाचं नाही, एकाच सुरात आणि हळू बोला, घरातल्या बायका धार काढताना काहीतरी पुटपुटत असतात ते उगाच नाही. प्रत्येक जनावराचं स्वतःभोवती एक अंतर असतं, त्याच्या आत पाऊल पडलं की ते हलतं, बाहेर आलं की थांबतं. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांनी यावर आयुष्यभर काम केलंय आणि त्यांचं म्हणणं कुठल्याही गोठ्यात तपासून बघता येतं: खांद्याच्या मागे उभं राहून पुढे झालात तर गाय पुढे जाते, खांद्याच्या पुढे गेलात तर मागे सरकते. तुमची पहिली गाय मागे सरकते ती कदाचित एवढ्याचसाठी, तुम्ही सरळ तोंडासमोर जाताय आणि ती दावणीला बांधलेली आहे, तिला दुसरीकडे कुठे जाताच येत नाही. अर्धं पाऊल मागे घ्या, ती थांबली की तुम्हीही थांबा. तिला तुमचा हात हुंगू द्या. मग कपाळावर थोपटू नका, ते त्यांना आवडत नाही, गळ्याखालची पोळी आणि मानेची खालची बाजू खाजवा. व्हिएन्नातल्या संशोधकांनी कालवडींवर हे करून बघितलंय, मानेखाली हात फिरवला की त्या मान लांब करून देतात आणि नंतर माणसाच्या जवळ यायला कमी बिचकतात, आपल्या गुराख्यांना हे आधीपासून माहीत आहेच.

जातीप्रमाणेही फरक पडतो. खिल्लार चपळ आणि तिखट, परक्या माणसाला पटकन जवळ करत नाही, तिला जास्त दिवस द्या. पंढरपुरी म्हैस स्वभावाने वाईट नसते पण तिची शिंगं लांब, मागे खांद्याच्याही पलीकडे गेलेली असतात, माशी हाकलायला तिने मान झटकली आणि तुम्ही बाजूला वाकलेले असाल तर डोळ्याला लागू शकतं. आणि लाथ मारणाऱ्या गाईची कास मालकांना बघायला सांगा, एखादं सड गरम किंवा कडक लागलं तर ती दुखतंय म्हणून मारत असेल, तेव्हा प्रेमापेक्षा उपचार लागतो.

प्रश्न: जाताना जनावरांना खाऊ काय नेऊ? गूळ, पोळ्या, भाकरी चालेल ना?

विचारल्याशिवाय काहीही नको. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा पचवणारे जंतू असतात, त्यांना एकदम धान्य, पीठ, शिळा भात, ब्रेड असं भरपूर मिळालं की पोटात आम्ल तयार होतं, जनावर बसतं आणि शेळ्या तर एका रात्रीत दगावतात. लग्नसराईत उरलेलं जेवण खाऊन गाय गेली अशा केस मला दर वर्षी बघाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी देणाऱ्याने प्रेमानेच दिलेलं असतं. बांधावरचं हिरवं उपटूनही घालू नका, कोवळ्या ज्वारीत, त्यातही पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत, सायनाइड तयार करणारा घटक असतो, किराळ लागून उभं जनावर पडतं. मालकांनी हो म्हटलं तर गुळाचा छोटा खडा, बस.

प्रश्न: फार्मवर एक उस्मानाबादी करडू आहे, आई दूध पाजत नव्हती म्हणून मीच बाटलीने वाढवलं. आता माझ्या मागे मागे फिरतं. बोकड आहे, पुढच्या बकरी ईदला विकणार असं कळलं. मी पैसे देऊन त्याला वाचवू का? रात्री झोप येत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. झोप न येणं अगदी समजू शकते, बाटली तोंडात घेऊन शेपूट हलवणारं करडू बघितल्यावर ज्याला काही वाटत नाही त्याने जनावरांत काम करूच नये असं माझं मत आहे.

पण चालत्या फार्मचं गणितही समजून घ्या. उस्मानाबादी शेळी मराठवाड्यातल्या कोरड्या भागात टिकते, जुळी बऱ्याचदा देते, म्हणून लोक पाळतात, आणि त्यातल्या पाटी, म्हणजे माद्या, ठेवायच्या आणि बोकड विकायचे यावरच घर चालतं. मुलांची फी, बियाणं, आजारपण, सगळं त्यातून. गोऱ्ह्यांचं आणखी अवघड आहे, नांगराला ट्रॅक्टर आला आणि 2015 पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे नर वासरू झालं की सांभाळायचं कसं हा प्रश्न प्रत्येक गोठ्यात आहे. तुम्ही ज्यांच्याकडे राहताय ते निर्दयी नाहीत, त्यांनीच तर करडू जगावं म्हणून बाटली तुमच्या हातात दिली.

विकत घ्यावं का? माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. बोकड दहा-बारा वर्षं जगू शकतो, एकटा ठेवला तर ओरडून हैराण होतो, त्याला दुसरी शेळी लागते, जागा लागते, खच्ची केलेला नसेल तर वास आणि टक्कर दोन्ही वाढतात, आणि फ्लॅटमधून हे होत नाही. ज्याची स्वतःची जमीन आहे, जो त्याला पुढची दहा वर्षं रोज बघणार आहे असा माणूस तुमच्याकडे असेल तर मालकांशी सरळ भावाची बोलणी करा, भीक मागितल्यासारखं किंवा त्यांना पाप लागेल असं सुचवून नाही. तसा माणूस नसेल तर त्याचे हे महिने चांगले जातील हे बघा: जंताचं औषध, पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची लस वेळेवर, सावली, सोबतीला दुसरी करडं. विकायची वेळ आली की गाडीत दाटीवाटीने, उन्हात, पाय बांधून नेऊ नये एवढं मालकांना सांगा, ते ऐकतील. आणि त्या दिवशी थांबायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, दोन्ही बरोबर आहे.

अजून एक. तो डोक्याने ढुशा देतो तेव्हा तुम्ही हाताने ढकलून खेळता असं लिहिलंय, ते आजच बंद करा. बाटलीवर वाढलेला नर माणसाला आपल्यातलाच समजतो आणि मोठा झाल्यावर टक्करही माणसालाच देतो, वळूच्या बाबतीत तर यात माणसं मेलेली आहेत. ढुशी दिली की बाजूला व्हा, खेळ थांबवा. त्याला करडांमध्ये जास्त वेळ राहू द्या, जरी तुमच्यामागे यायला रडला तरी.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको शेळीपालनाच्या फार्मवर पंधरा दिवस जातोय. बायकोला तिसरा महिना आहे. धारोष्ण दूध चांगलं असं सासूबाई म्हणतात.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण दूध उकळूनच. ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून येतो, गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या, जनावराच्या वारेतून आणि स्रावातून येतो, आणि माणसाला महिनोन् महिने ताप, सांधेदुखी लावतो. 2019 पासून सरकारी कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना याची लस देतात, पण शेळ्या त्यात येत नाहीत. बाईंनी शेळ्या विताना जवळ जायचंच नाही, वार, नवजात करडू, ते कपडे, कशालाही हात लावायचा नाही, ब्रुसेला सोडून क्यू फीवर, टोक्सोप्लाझ्मा असे गर्भाला धोका करणारे इतर आजारही तिथूनच येतात. खरं सांगायचं तर शेळ्या विण्याचा हंगाम असेल तर ही ट्रिप पुढच्या वर्षी करा. जायचं तर डॉक्टरांना विचारून.

तुमच्यासाठी: धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालंय का बघा, पावसाळ्यात गमबूट घालाच कारण लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पायाच्या चिरांतूनही शिरतो, कुत्रं चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: मुलगा व्हिजिटर व्हिसावर न्यूझीलंडला मावशीकडे जातोय, तिथे एका शीप फार्मवर राहून काम करीन म्हणतो.

नको. पैसे मिळत नसले तरी राहणं-जेवण मिळालं की तिथे ते काम धरलं जातं आणि त्यासाठी कामाची परवानगी असलेला व्हिसा लागतो. आणि इथे गोठ्यात वापरलेले बूट नेत असेल तर घासून स्वच्छ करून न्यावेत आणि एअरपोर्टवर जाहीर करावेत, आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, त्यांच्याकडे कधीच आलेला नाही, त्यामुळे ते फार कडक आहेत आणि असायलाच हवं.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात माझा महिना संपतोय. गौरी नावाची कालवड माझ्या हाताशिवाय दूध पीत नाही. मी गेल्यावर तिला आठवण येईल का? ती खंगेल का?

ओळख राहील, हे नक्की सांगते. 2001 साली केंब्रिजजवळच्या बॅब्रहम संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की मेंढ्या 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवतात आणि माणसांचे चेहरेही ओळखतात. गाई माणसं ओळखतात, आवाजावरून, वासावरून, कपड्यांवरूनही, हे मी रोज बघते, इंजेक्शन देणारी म्हणून मला तर लांबूनच ओळखतात.

पण गाय कळपात राहणारी आहे, तिला सगळ्यात जास्त आधार दुसऱ्या गाईंचा आणि ठरलेल्या वेळांचा असतो. तिला खंगवते ती अचानक मोडलेली सवय. म्हणून शेवटच्या दिवशी गळ्यात पडून निघून येण्यापेक्षा आजपासूनच तयारी करा. जो कोणी तुमच्यानंतर दूध पाजणार आहे त्याला उद्या सोबत घ्या, पहिले दोन दिवस बादली तुम्ही धरा आणि तो शेजारी उभा राहील, नंतर तो धरेल आणि तुम्ही नुसत्या बोला, शेवटचे दोन-तीन दिवस तुम्ही गोठ्यात असूनही त्या वेळी जवळ जाऊ नका. जड जाईल पण करा. एखाद-दुसऱ्या वेळी दूध टाकलं तर घाबरू नका, दोन वेळा सलग टाकलं किंवा संडास पातळ झाली तर मात्र लगेच पशुवैद्यकाला बोलवायला सांगा. एकटी बांधत असतील तर तिच्याच वयाच्या वासरांबरोबर ठेवायला सांगा.

आणि एका वहीत लिहून ठेवा, दूध किती आणि किती कोमट पिते, कोणत्या कानाजवळ खाजवलं की शांत होते, कशाला बिचकते, जंताचं औषध कधी दिलं. वही गोठ्यातच खिळ्याला टांगा. वसुबारसेला भेटायला जायचं असेल तर जा, फक्त आधी फोन करून विचारा आणि पहाटे धारेच्या वेळी नको, उन्हं वर आल्यावर गुरं निवांत बसलेली असतात तेव्हा.